उत्पादकता कोणाची? निळीचा एक हिशेब

दरवर्षी १२ ते १८ फेब्रुवारी हा आठवडा आपल्या देशात राष्ट्रीय उत्पादकता सप्ताह म्हणून पाळला जातो. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ साली स्थापन झाली. तिच्या स्थापनादिनापासून हा सप्ताह सुरू होतो. कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, भाषणे होतात, निबंधस्पर्धाही होतात. या भाषणांत आणि निबंधांत एक वाक्य हमखास आढळते: उद्योगांनी आणि विद्यापीठांनी हातात हात घालून काम केले, तर देशाची उत्पादकता वाढेल. वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. आम्ही स्वतः संशोधनाच्या क्षेत्रात आहोत, कारखान्यांसाठीही काम केलेले आहे, आणि या वाक्याला आमचा मुळात विरोध नाही. मात्र ज्या अर्थाने ते आज उच्चारले जाते, त्या अर्थाला आमची हरकत आहे. ती मांडण्यासाठी रंगांच्या रसायनशास्त्राची गोष्ट आम्ही निवडली आहे, कारण विद्यापीठ आणि कारखाना यांचे लग्न पहिल्यांदा लागले ते याच धंद्यात.

आधी एक खुलासा. उत्पादन आणि उत्पादकता या शब्दांत विद्यार्थी नेहमी गल्लत करतात, आणि मोठी माणसेही करतात. एक विणकर दिवसाला दहा मीटर कापड विणत असेल, तर दोन विणकर वीस मीटर विणतील. उत्पादन दुप्पट झाले, पण उत्पादकता होती तेवढीच राहिली. तेच वीस मीटर एकाच विणकराने एका दिवसात विणले, तर उत्पादकता दुप्पट झाली. म्हणजे उत्पादकता हा एक भागाकार आहे. अंशस्थानी निघालेला माल आणि छेदस्थानी त्यासाठी लागलेले श्रम, कच्चा माल, भांडवल, वेळ. गणित सोपे आहे. पण अंशात काय लिहायचे, छेदात काय लिहायचे आणि काय मुळीच लिहायचे नाही, हे कोणीतरी ठरवीत असते. हे ठरवणारे कोण, याकडे वाचकांनी पुढील मजकूर वाचताना लक्ष ठेवावे.

१८५६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमधल्या आपल्या घरी प्रयोग करीत होता. त्याला कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थांपासून हिवतापावरचे क्विनीन बनवायचे होते. क्विनीन काही मिळाले नाही. भांड्याच्या तळाशी एक काळा चिखल मिळाला, आणि तो अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर सुंदर जांभळा रंग दिसला. हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग. ही हकिकत बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते आणि ती ‘योगायोगाने लागलेला शोध’ म्हणून सांगितली जाते. तिच्यातला दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. पर्किन ज्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये शिकत होता, ते कॉलेज १८४५ साली सुरू झाले होते आणि तिथे शिकवायला जर्मनीहून ऑगस्ट हॉफमन यांना आणले होते. हॉफमन हे लीबिग यांचे शिष्य. गीसेन या छोट्या गावात लीबिग यांनी १८२४ पासून एक नवी रीत पाडली होती: विद्यार्थ्यांनी व्याख्याने ऐकून घरी जायचे नाही, प्रयोगशाळेत उभे राहून स्वतः विश्लेषण करायचे. आज आपल्याला ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती क्रांती होती.

पर्किनने कॉलेज सोडले आणि वडील व भाऊ यांच्या मदतीने कारखाना काढला. गुरुजी नाराज झाले. कारखाना चालला, पैसा मिळाला, आणि १८७४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पर्किनने तो विकूनही टाकला. तोवर हॉफमन १८६५ मध्येच जर्मनीला परतले होते. इंग्लंडजवळ त्या वेळी काय नव्हते? कोळसा होता, डांबर होते, जगातला सर्वांत मोठा कापडधंदा होता, भांडवल होते आणि शोधही तिथलाच होता. नव्हती ती एकच गोष्ट: दरवर्षी प्रयोगशाळेतून तयार होऊन बाहेर पडणारी रसायनतज्ज्ञांची पिढी. जर्मनीत ती होती. पुढच्या काही दशकांत जगाच्या रंगबाजाराचा फार मोठा हिस्सा जर्मनीच्या हाती गेला. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटिश सैनिकांच्या गणवेशाच्या रंगासाठी ब्रिटन शत्रूवर अवलंबून होते, ही गोष्ट तिथल्या सरकारला चांगलीच झोंबली.

आता निळीकडे वळू. (बाजारात कपड्यांना द्यायची ‘नीळ’ म्हणून जी पूड मिळते, ती अल्ट्रामरीन, आमचा विषय ती नव्हे. आम्ही बोलत आहोत ते झाडापासून मिळणाऱ्या, कापड रंगवायच्या निळीबद्दल.) म्युनिकचे प्राध्यापक आडोल्फ बायर यांनी १८८० साली नीळ प्रयोगशाळेत तयार केली आणि १८८३ पर्यंत तिच्या रेणूची रचना उलगडली. याच कामासाठी मुख्यतः त्यांना १९०५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. (औषधांच्या बायर कंपनीशी यांचा संबंध नाही, नुसते नामसाधर्म्य.) बाडिश ॲनिलीन अँड सोडा फॅक्टरी, म्हणजे आजची बीएएसएफ, आणि हेख्स्ट या दोन कंपन्यांनी त्यांचे हक्क विकत घेतले. शोध लागला, पेटंट झाले, कंपनीने घेतले. आजच्या कोणत्याही अहवालात ही ‘यशोगाथा’ इथेच संपली असती आणि प्राध्यापकांचा सत्कार झाला असता.

प्रत्यक्षात कारखान्यातली नीळ बाजारात यायला १८९७ साल उजाडले. मध्ये सतरा वर्षे गेली आणि बीएएसएफचे सुमारे एक कोटी ऐंशी लाख मार्क खर्च झाले. बायर यांची रीत कारखान्यात परवडलीच नाही. १८९० मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यालयातील कार्ल हॉयमान यांनी दुसरा मार्ग दाखवला. त्याचाही पहिला प्रकार पुरेसे उत्पन्न देईना, दुसरा प्रकार चालला. त्यात सुरुवात होते ती नॅप्थलीनपासून, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांपासून. नॅप्थलीनचे थॅलिक आम्लात ऑक्सिडीकरण करायचे, हा पहिला टप्पाच अडून बसला होता. कंपनीच्या प्रयोगशाळेत ते मिश्रण तापवताना तापमापी फुटली, पारा भांड्यात पडला आणि अडलेली क्रिया झपाट्याने पुढे गेली. पाऱ्यापासून तयार झालेले सल्फेट उत्प्रेरकाचे काम करीत होते. फुटलेल्या तापमापीकडे दुर्लक्ष करून भांडे फेकून न देता ‘असे का झाले’ हे विचारणारा माणूस तिथे उभा होता, हे महत्त्वाचे. मग या टप्प्यासाठी प्रचंड प्रमाणात धूम्रायमान गंधकाम्ल लागेना का! ते स्वस्तात मिळेना, म्हणून रुडॉल्फ क्निच यांनी त्याच कंपनीत गंधकाम्लाची संपर्क पद्धत कारखान्याच्या पातळीवर आणली. आपण अकरावी-बारावीला जी संपर्क पद्धत शिकवतो, तिची वाढ अशी निळीच्या पोटात झाली आहे. पाठ्यपुस्तकात मात्र ती एकाकी उभी असते.

या साऱ्या खटाटोपात विद्यापीठाने नेमके काय दिले? तयार कृती दिली नाही. दिलेली कृती चाललीही नाही. विद्यापीठाने दिले ते दोन पदार्थ. एक, रेणूची रचना, म्हणजे कोणता अणू कोणाशी जोडलेला आहे याचे ज्ञान, जे छापून प्रसिद्ध झाले होते आणि ज्यावर कोणाचीच मालकी नव्हती. दुसरे, माणसे. बायर, हॉफमन आणि इतरांच्या प्रयोगशाळांतून शिकून बाहेर पडलेले शेकडो तरुण या कंपन्यांत नोकरीला होते. प्राध्यापकांना काय म्हणायचे आहे ते त्यांना कळत असे आणि फोरमनला काय अडचण आहे तेही कळत असे. पेटंट हा या व्यवहाराचा एक कागद होता. कागदावरून व्यवहार ओळखायचा असे आपण ठरवले, की चुकणे आलेच.

इथवरची गोष्ट उत्पादकता सप्ताहाच्या भाषणात शोभून दिसेल. जर्मनीची उत्पादकता वाढली, यात शंका नाही. आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू, आणि ती आपल्याकडची आहे.

त्या काळात जगाला नैसर्गिक नीळ पुरवणारा मुख्य देश भारत होता, आणि त्यातला मोठा भाग बिहारमधून जाई. चंपारणात तीनकठिया पद्धत होती: वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यामागे तीन कठ्ठे जमिनीत कुळाने मळेवाल्या साहेबासाठी नीळ लावलीच पाहिजे. १८९७ नंतर कृत्रिम निळीने बाजार काबीज केला आणि भाव कोसळले. आता नीळ लावणे मळेवाल्यालाच परवडेना. अशा वेळी कुळाची सुटका व्हायला हवी होती. झाले उलटेच. निळीच्या सक्तीतून मोकळे करतो, असे सांगून मळेवाल्यांनी कुळांकडून वाढीव खंड लिहून घेतला. त्याला शरहबेशी म्हणत. काही ठिकाणी एकरकमी भरपाई वसूल केली, ती तावान. लुडविग्सहाफेनच्या प्रयोगशाळेतल्या यशाने झालेला मळेवाल्यांचा तोटा मोतिहारीच्या शेतकऱ्याने भरून दिला. १९१७ साली गांधीजी चंपारणात गेले ते या प्रश्नासाठी, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया रद्द झाली. इतिहासाच्या पुस्तकात चंपारणचा सत्याग्रह असतो, पण त्यात बायर नसतात. रसायनाच्या पुस्तकात बायर असतात, पण चंपारण नसते. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असतात.

कोणी म्हणेल, विज्ञानाला पाठ दाखवली म्हणून बिहारचा धंदा बुडाला. तसेही नाही. मळेवाल्यांनी रसायनतज्ज्ञ नेमले होते, सरकारने संशोधनाला पैसाही दिला होता. हौदात पाने आंबवण्याची रीत सुधारली, अधिक रंग देणारी जावा जातीची नीळ आणली. म्हणजे उद्योग आणि विज्ञान यांचे सहकार्य तिथेही होते, दर बिघ्यामागचे उत्पन्न वाढावे यासाठीच होते. पण ज्याच्या शेतात ती नीळ उगवे, त्या रयतेचे श्रम आणि तिच्या पोटाला लागणारे धान्य त्या संशोधनाच्या भागाकारात कुठेच नव्हते. सहकार्य झाले एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे दाखवायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आपल्या मुंबईची हकिकत याहून बरी आहे. गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत होत्या, पण रंग यायचे परदेशातून आणि रंगवण्याचे शास्त्र जाणणारी माणसेही तिथूनच. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. जुन्या मंडळींच्या तोंडी तो यूडीसीटी म्हणूनच आहे. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तो इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी झाला. सुरुवातीचे अभ्यासक्रम दोनच: कापडाचे रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. १९३८ पासून तिथे कृष्णस्वामी वेंकटरामन संचालक होते. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या रचनेवर काम करीत होता, ज्याचा गिरणीवाल्यांना उद्याच्या उद्या काही उपयोग नव्हता. त्याच वेळी ते रंगांवर शिकवीत होते, विद्यार्थी घडवीत होते. १९५२ मध्ये त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावर लिहिलेला दोन खंडांचा ग्रंथ जगभर वापरला गेला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि त्यांच्यानंतर ती जागा त्यांचेच विद्यार्थी बा. द. टिळक यांनी घेतली.

यूडीसीटीची खरी देणगी कोणती, असे विचारले तर आम्ही एकाही पेटंटाचे नाव घेणार नाही. माटुंग्याहून पदवी घेऊन निघालेली आणि ठाणे-बेलापूर, अंबरनाथ, वापी, अंकलेश्वर, हैदराबाद अशा ठिकाणच्या कारखान्यांत पसरलेली माणसे, ही ती देणगी. डॉ. अंजी रेड्डी यांचे उदाहरण घ्या. पदवी यूडीसीटीची, डॉक्टरेट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, मग सरकारी औषध कंपनीत नोकरी, आणि १९८४ साली स्वतःची कंपनी. विद्यापीठ, सरकारी प्रयोगशाळा, सरकारी कारखाना आणि खासगी उद्योग या चारही ठिकाणचे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात बसून एका जागेहून दुसऱ्या जागी गेले. त्यासाठी सामंजस्य कराराची गरज पडली नाही. त्याच वेळी १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट न देता फक्त कृतीवर दिले होते, म्हणून नवी कृती शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञाला इथे किंमत होती, हेही विसरून चालणार नाही. २००५ मध्ये तो कायदा बदलला.

सहकार्य फक्त रसायनाचेच होते असेही नाही. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ च्या सुमारास स्वयंचलित माग बसवले. यंत्र नवे, पण उत्पादकता वाढेना. १९५३ साली लंडनच्या टाव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. २२४ मागांवर तीसेक कामगार होते आणि कामाचे बारीक तुकडे करून प्रत्येकाला एकेक वाटून दिलेले होते. कोण कोणाबरोबर काम करतो आहे हे कोणालाच धड सांगता येत नव्हते. राइस यांनी सुचवले की, ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी. तपशील कामगारांनी आणि मुकादमांनी स्वतःच ठरवले. थोड्या चढउतारांनंतर कापड वाढले आणि खराब मालाचे प्रमाण घटले. यंत्र तेच, पगारी माणसे तीच. यातले शास्त्र समाजशास्त्राचे होते, आणि ‘विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा’ असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्याची दखल घ्यायला हवी.

आता ज्या भागाबद्दल बोलायला आमच्या व्यवसायातले लोक नाखूश असतात, तो भाग. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली एक निरीक्षण जाहीर केले: फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळतो. जर्मन रंगधंदा त्या वेळी वैभवाच्या शिखराकडे निघाला होता. पुढे बेंझिडीन आणि नॅप्थिलअमीन ही त्यातली घातक द्रव्ये असल्याचे दिसून आले. तरीही अशा द्रव्यांपासून बनणारे ॲझो रंग जर्मनीने बंद केले ते १९९४ साली, आणि १९९७ मध्ये भारत सरकारने ७० ॲझो रंगांवर बंदी घातली. डॉक्टरच्या इशाऱ्यापासून बंदीपर्यंत सुमारे शंभर वर्षे. निळीच्या शोधापासून कारखान्यापर्यंत सतरा.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-आम्ल बनवण्याचा कारखाना सुरू झाला. एच-आम्ल हा ॲझो रंगांचा कच्चा माल, आणि त्याची सुरुवातही नॅप्थलीनपासूनच होते. सुमारे ३७५ टन एच-आम्ल तयार झाले. त्यासोबत सुमारे २,४४० टन गाळ आणि ८,२५० घनमीटर सांडपाणी निघाले. गाळ उघड्यावर पडला, पावसाने जमिनीत मुरला, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी तांबडे-तपकिरी झाले. ते ना पिण्याच्या उपयोगाचे राहिले, ना पिकाच्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या सांगण्यावरून पाहणी केली ती आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्यासाठी सुमारे ३७ कोटी रुपये लागतील असा अंदाज दिला. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई केली पाहिजे, असा निकाल लागला तो १३ फेब्रुवारी १९९६ रोजी. त्या दिवशी देशात उत्पादकता सप्ताह चालू होता!

नीरीचे ते काम कोणत्या कंपनीने मागवले असते? कोणी नाही. ते सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने केले आणि न्यायालयाने मागवले. उद्योगाच्या गरजेवर आधारलेले संशोधन हवे, असे आज सर्वत्र म्हटले जाते. त्या चाळणीतून रेन यांचे निरीक्षणही खाली पडले असते आणि नीरीचा अहवालही.

आमची हरकत आता नेमकी सांगता येईल. १९८० साली अमेरिकेत बेह-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची पेटंटे घेण्याचा हक्क विद्यापीठांना मिळाला. आपल्याकडे २००८ साली त्याच धर्तीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. विधेयक गेले, पण त्यामागचा विचार राहिला. किती पेटंटे, किती सामंजस्य करार, सल्ल्याच्या कामातून किती उत्पन्न, यांवरून विद्यापीठाची प्रत ठरवायची असा तो विचार. यांतले प्रत्येक मोजमाप सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच निवडले गेले आहे. या मापाने मोजले तर बायर यांना पूर्ण गुण मिळतात, आणि ज्यांच्या हाताखाली शेकडो रसायनतज्ज्ञ तयार झाले त्या लीबिग यांच्या शिकवण्याच्या प्रयोगशाळेला शून्य.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२०–२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करीत होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे छत्तीस टक्के होता. प्रगत देशांत हा वाटा निम्म्याहून बराच अधिक असतो. म्हणजे ‘विद्यापीठे उद्योगांकडे जात नाहीत’ ही तक्रार निम्मीच खरी आहे. सतरा वर्षे थांबण्याची आणि स्वतःच्या खिशातून कोटी-कोटी मार्क ओतण्याची तयारी ज्यांनी दाखवायची, त्यांनी ती दाखवलेली नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने खासगी संशोधनाला चालना देण्यासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे फळ दिसायला वेळ लागेल. पण सरकारी पैसा खासगी संशोधनात जाणार असेल, तर त्या संशोधनातले किती उघडपणे छापले जाईल, हा प्रश्न आताच विचारायला हवा.

हा प्रश्न आम्हाला अनुभवाने पडला आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी आमच्या गटाने एका उत्प्रेरकावर काम केले. करारात एक कलम होते: निष्कर्ष कंपनीच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचे नाहीत. उत्प्रेरक चालला नाही, आणि का चालला नाही हे आम्हाला समजले. ते कारण पुढच्या दहा संशोधकांचा वेळ वाचवू शकले असते. परवानगी मिळाली नाही. फायली अजून कपाटात आहेत. कंपनीचेही चुकले असे म्हणता येत नाही; प्रतिस्पर्ध्याचा वेळ आपण का वाचवायचा, हा तिचा हिशेब होता. पण एका विद्यार्थ्याची तीन वर्षे त्यात गेली, तो विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर होता, आणि त्याच्या प्रबंधातले एक प्रकरण कोरे राहिले. देशाच्या उत्पादकतेत ही वजाबाकी कोण मांडणार?

शिक्षकांना या सगळ्याचे काय करता येईल? नववी-दहावीच्या वर्गात दोन तासिका पुरतील, इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून घेतलेल्या. रंगकाम करणाऱ्याकडून थोडी खरी नीळ मिळाली, तर ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात सोडियम हायड्रोसल्फाइट घालून कोमट ठेवावी. (हे काम शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून करावे.) निळा रंग जाऊन द्रावण पिवळट हिरवे होते. त्यात सुती कापडाचा तुकडा बुडवून बाहेर काढला, की मुलांच्या डोळ्यांदेखत तो हवेतल्या ऑक्सिजनने निळा होत जातो. ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकाच चिंधीवर दिसते. मग फळ्यावर बिछडीचे आकडे लिहावेत आणि भागाकार मुलांकडून करून घ्यावा. एक किलो एच-आम्लामागे गाळ किती? साडेसहा किलो. सांडपाणी किती? बावीस लिटर. त्यानंतर मुलांना विचारावे की, हे दोन आकडे उत्पादकतेच्या अपूर्णांकात कुठे लिहायचे, वर की खाली. आमच्या अनुभवात यावर मुलांचे एकमत होत नाही, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालूच राहतो.